लेकीकडे परदेशी जाताना बॅगेत काय भरायचं?



आम्ही पिंप्राळ्याच्या बचत गटाच्या बायका. पापड, कुरडया, बिबडे, शेवया, मसाले आणि लाडू हा आमचा उद्योग. पूर्वी आमच्या ऑर्डरी जळगाव, भुसावळ, फार तर पुण्या-मुंबईपर्यंत जायच्या. आता तसं राहिलं नाही. आपल्या पिंप्राळ्यात आषाढी एकादशीला रथ निघतो, तेव्हा गल्लीतल्या निम्म्या घरांत मोबाईल वर धरून कुणीतरी लेकीला रथ दाखवत असतं. ती लेक कधी दुबईत असते, कधी अमेरिकेत, कधी ऑस्ट्रेलियात. मग एक दिवस फोन येतो, "आई, तारीख काढलीय, तिकीट पाठवते, ये." आणि घरात मोठी बॅग उघडून पडते.

त्या बॅगेत काय भरायचं आणि काय भरायचं नाही, हे आज आम्ही सांगणार आहोत. कुणी बाळंतपणाला जातं, कुणी सुटीत नातवंडांना भेटायला, कुणी यात्रेला. जाणाऱ्या बऱ्याच जणींचा हा विमानाचा पहिलाच प्रवास असतो, आणि पुष्कळदा त्या एकट्या जातात. म्हणून नीट ऐका, जमलं तर कागद-पेन घ्या.

सगळ्यात आधी लाडवाचं सांगतो, कारण खरा धोका तिथेच आहे.

बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू न्यायचे, ही आपली रीत. डिंक, खारीक, सुकं खोबरं, गोडंबी, गूळ, साजूक तूप आणि वरून भाजलेली खसखस. यातली खसखस आखाती देशांत चालत नाही. आपल्याकडे ती वाण्याच्या दुकानात मिळते, पण ती अफूच्या बोंडातली बी आहे. संयुक्त अरब अमिरातीत, म्हणजे दुबई, अबुधाबी, शारजा इथे, आणि सौदी अरेबियात तिच्यावर बंदी आहे. सिंगापुरातही नेता येत नाही. खसखस सापडली म्हणून विमानतळावर प्रवाशाला धरल्याच्या घटना घडलेल्या आहेत. तिथे प्रश्न दंडाचा नसतो, अमली पदार्थाच्या कायद्याचा असतो. हजला जाणाऱ्या आपल्या भगिनींना हज कमिटीही हेच बजावते, की खसखस बरोबर घेऊ नका.

म्हणून आमच्या ऑर्डरच्या वहीत नाव, वजन, तारीख यांच्या शेजारी एक रकाना आहे, "देश". देश लिहिल्याशिवाय आम्ही लाडवाची ऑर्डर घेत नाही. एकदा एक मावशी तीन किलो डिंकाचे लाडू सांगायला आल्या. रकान्यात दुबई लिहिलं, तेव्हा आम्ही सांगितलं, खसखस घालणार नाही. मावशी नाराज झाल्या. म्हणाल्या, "माझ्या आईने मला जसे दिले तसेच मी लेकीला देणार. खसखशीवाचून डिंकाचा लाडू कसा? तिच्या सासूला काय वाटेल?" आम्ही त्यांना बसवलं, चहा दिला आणि कायदा समजावून सांगितला. म्हटलं, मावशी, लेकीचे दिवस भरलेत आणि तुम्ही विमानतळावर अडकलात तर तिच्याजवळ कोण बसेल? तेव्हा त्या गप्प झाल्या. मग आम्ही गोडंबी आणि खारीक थोडी वाढवून लाडू वळले. पुढे मावशींचा दुबईहून फोन आला. लेकीने दोन दिवसांत ओळखलं होतं, की आई, यात काहीतरी कमी आहे. काय कमी आहे ते मावशींनी सांगितलं. लेक म्हणाली, "बरं झालं."

खसखस नुसती लाडवात नसते, हेही लक्षात ठेवा. अनारसे खसखशीवर थापतात. करंजीच्या सारणात ती असते. घरच्या काळ्या मसाल्यात पुष्कळ जणी भाजून घालतात. विकतच्या गरम मसाल्याच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. आखातात जायचं असेल तर खसखशीचा एक दाणाही बॅगेत नको. विड्याची पानंही अमिरातीत चालत नाहीत. आणि ज्यांना मिसरीची, तंबाखूची सवय आहे त्यांना आमचं सांगणं, की सिंगापुरात चघळायच्या तंबाखूला बंदी आहे. सवय सोडायला हे निमित्त चांगलं आहे.

आता विमानात काय चढतच नाही, ते बघू. हे नियम कुठल्याही देशाला जा, सारखेच.

पूजेच्या सामानातला कापूर आणि काडेपेटी घरी ठेवा. दोन्ही पेट घेणाऱ्या वस्तू आहेत. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही बॅगेत टाकू नका. खोबऱ्यात तेल फार असतं, म्हणून विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२२ साली ते धोक्याच्या यादीत घातलं. डिसेंबर २०२२ या एका महिन्यात मुंबई विमानतळावर लोकांच्या बॅगांमधून नऊशेच्या वर सुके नारळ काढले गेले. विचार करा, त्यातले कितीतरी कुणाच्या तरी ओटीचे असतील. ओटी भरायची तर घरी भरून घ्या. नारळ इथे ठेवा, कुंकू आणि खण बरोबर न्या. खोबरं तिथल्या भारतीय दुकानात मिळतं.

लोणचं हातातल्या पिशवीत नेऊ देत नाहीत, मोठ्या बॅगेत चालतं. पण आखाती देशांकडे जाणाऱ्या विमानांत तूप, लोणचं, तेलकट पदार्थ यांवर काही वेळा आणखी बंधनं असतात. म्हणून तिकीट हातात आलं की विमान कंपनीला फोन करून विचारायला लावा. लेकीला सांगा, मुलाला सांगा, पण विचारल्याशिवाय बरणी भरू नका. कात्री, सुरी, अडकित्ता, सुया हे सगळं मोठ्या बॅगेत. हातातल्या पिशवीत पाणी, तेल, सरबत अशी कुठलीही पातळ वस्तू १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीत नको. पाण्याची बाटली रिकामी न्या, तपासणी झाली की आत भरून घ्या. मोबाईलची पॉवर बँक मात्र उलटी. ती मोठ्या बॅगेत चालत नाही, हातातच ठेवायची.

आता तिथे उतरल्यावर काय चालतं, याकडे वळू.

अमेरिकेला जाणाऱ्यांनी एक किडा लक्षात ठेवायचा. त्याचं नाव खापरा. आपल्याकडे खापरावरची पुरणपोळी असते, पण हा खापरा वेगळा. हा साठवणीच्या धान्यातला भुंगा आहे. तो एकदा गोदामात शिरला की घालवणं महाकठीण. तो आपल्याकडे आहे, तिकडच्यांना तो नको आहे. म्हणून भारतातून सामानात तांदूळ नेऊ देत नाहीत, हरभरेही नाहीत. ताजा कढीपत्ताही नाही, कारण त्यावरून लिंबू-संत्र्याच्या झाडांचा रोग पसरतो. फळं, भाज्या, मटण, चिकन, यातलं काही नाही. आंबाही नाही. तुम्ही म्हणाल, आपला आंबा अमेरिकेत विकतात ना? विकतात. २००७ पासून जातो, पण नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावला असलेल्या केंद्रासारख्या ठिकाणी त्यावर विकिरणाची प्रक्रिया होते, मग पेट्या जातात. आपल्या पिशवीतला आंबा तसा नसतो.

आता आपल्या वांग्याचं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, केळीलाही मिळालं. त्यामुळे "आई, येताना भरिताची वांगी आण" असा हट्ट लेक करतेच. वांगी नेता येत नाहीत. आणि गुपचूप बी नेऊन तिच्या अंगणात लावू, असंही मनात आणू नका. बियाणं न्यायला कृषी खात्याचं प्रमाणपत्र लागतं. तुळशीच्या मंजिरीलाही हेच लागू आहे. तिथल्या बाजारात मोठी काळी वांगी मिळतात. ती भट्टीत भाजून, कांद्याची पात आणि ठेचलेली हिरवी मिरची-लसूण घालून भरीत करा. आपल्या वांग्याची गोडी येणार नाही, पण लेकीला डोळे मिटून खाता येईल असं भरीत होतं.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांचे नियम तर आणखी कडक आहेत. पेढे, बर्फी, दुधाची मिठाई ऑस्ट्रेलियाला नेऊ नका. आंब्याच्या पानांचं तोरण, झेंडूची फुलं, सुकलेली माळ, यातलं काही नको. लाकडी पोळपाट, पाटा, मूर्ती न्यायची असेल तर दाखवावी लागते. न्यूझीलंडला खायची वस्तू सांगितली नाही तर जागेवर ४०० डॉलर दंड होतो, मग ते विसरलेलं सफरचंद का असेना. अमेरिकेत हा दंड १०,००० डॉलरपर्यंत जाऊ शकतो.

पूजेसाठी गोवऱ्या नेऊ का, असंही आम्हाला विचारतात. २०२१ साली वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळावर भारतातून आलेल्या एका बॅगेत दोन गोवऱ्या सापडल्या. त्यांनी त्या नष्ट केल्या आणि बातमी जगभर झाली. कारण घाणीचं नाही. लाळ्या-खुरकूत हा जनावरांचा रोग शेणातून पसरू शकतो आणि त्यांच्याकडे तो रोग नाही. आपल्या शेतात दुसऱ्याचं आजारी जनावर आपण येऊ देऊ का? त्यांचंही तेच म्हणणं आहे.

मग सगळ्यात महत्त्वाचा नियम कोणता? जे नेलंय ते सांगायचं. तिथला अधिकारी विचारतो, "एनी फूड?" तेव्हा आपण घाबरून "नो, नो" म्हणतो. तसं म्हणू नका. "येस. पापड, मसाला, स्वीट्स, फ्लोअर" असं सांगा. घरी आरशासमोर चार वेळा म्हणून बघा. अमेरिकेत तुम्ही सांगितलं आणि वस्तू चालत नसेल, तर ती काढून घेतात, तुम्हाला जाऊ देतात. लपवलं आणि सापडलं, तर दंड. सांगितल्याने डबा जाईल, फार तर एवढंच.

अधिकाऱ्याला आपला बिबडा काय आहे ते कळत नाही, म्हणून आम्ही प्रत्येक पुडीवर चिठ्ठी लावतो. वर इंग्रजीत नाव, खाली त्यात काय काय आहे ते, तयार केल्याची तारीख आणि आमच्या अन्न परवान्याचा नंबर. उडदाच्या पापडावर "लेंटिल वेफर", शेवयांवर "व्हीट नूडल्स", सुंठीवर "ड्राय जिंजर पावडर". घरी केलेलं असलं तरी चिठ्ठी लावा, नातवाकडून इंग्रजी लिहून घ्या. बिनचिठ्ठीची पांढरी भुकटी तर अजिबात नको. ती पिठी आहे की रांगोळी की आणखी काही, हे त्यांनी कसं ओळखायचं? पिठं आणि मसाले सगळे मोठ्या बॅगेत ठेवा.

आता वजनाचा हिशेब. अमेरिकेच्या तिकिटावर बहुतेक वेळा २३ किलोच्या दोन बॅगा मिळतात, आखाताला २० ते ३० किलो, हातात ७ किलो. तिकिटावर लिहिलेलं असतं, ते वाचा. एक बॅग ३२ किलोच्या वर तर कुणीच उचलत नाही. रिकामी बॅगच तीन-चार किलोची असते. म्हणजे दोन बॅगांचे ४६ किलो म्हणता म्हणता हातात ३८-३९ राहतात. त्यात आम्ही असं वाटून देतो: तुमचे कपडे आणि चपला १२ किलो, लेकीचं-बाळाचं सामान ६ किलो, खायचं १६ किलो, आणि चार किलो मोकळे. ते चार किलो कशाला? निघायच्या दिवशी शेजारीण येते आणि म्हणते, "एवढं माझ्या भाच्याला पोचव." शेजारणीला नाही म्हणता येत नाही, हे आम्हालाही माहीत आहे. पण तिची पुडी तिच्यासमोर उघडून बघा. बंद पाकीट, शिवलेली पिशवी, न ओळखलेली गोळी, कुणाचीही घ्यायची नाही. बॅग तुमच्या नावावर असते, आत जे सापडेल ते तुमचं.

खायच्या १६ किलोत काय घ्यावं? इथे एक साधा प्रश्न विचारायचा, तिथे हे मिळतं का? लेकीला म्हणावं, जवळच्या भारतीय दुकानात जा आणि बघून सांग. तूरडाळ, पोहे, हळद, हिंग, ज्वारीचं पीठ, साबुदाणा आता पुष्कळ शहरांत मिळतं. मग ते इथून वाहून नेण्यात काय अर्थ? कळण्याचं पीठ तिथे मिळत नाही. पण ज्वारीचं पीठ मिळतं, सालीचे उडीद मिळतात. चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालीचे उडीद आणि मीठ, हे माप लिहून न्या. पाच किलो पीठ वाचलं. त्या जागी बिबडे घ्या, नागलीचे पापड घ्या, कुरडया घ्या, आपला काळा मसाला घ्या, शेवभाजीचा मसाला घ्या. हे तिकडे पैसे देऊनही आपल्या हातचं मिळत नाही.

कुरडई आणि बिबडा फुटू नये म्हणून स्टीलच्या डब्यात घालायची गरज नाही, डब्याचंच वजन होतं. पुठ्ठ्याच्या खोक्यात भरा, खोकं बॅगेच्या मधोमध ठेवा, चारी बाजूंनी साड्या आणि टॉवेल लावा. मसाल्याला दोन पिशव्या, दोन्ही यंत्रावर बंद करून. लाडू एकेक कागदात गुंडाळून डब्यात.

आता यंत्रांचं. मिक्सर नेऊ का, असं सगळ्याच विचारतात. अमेरिकेत वीज ११० ते १२० व्होल्टची, आपल्याकडे २३०. आपला मिक्सर तिथे चालत नाही. दुबई, इंग्लंड, सिंगापूर इथे वीज आपल्यासारखी, पण भिंतीतली भोकं चौकोनी असतात, तिरकी असतात ती ऑस्ट्रेलियात. तिथला जोड घ्यावा लागतो. ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनच्या शेगडीवर तापत नाही. त्यापेक्षा हाताने फिरवायचं पुरणयंत्र आणि छोटा पितळी खलबत्ता न्या. त्याला वीज लागत नाही.

बाळबाळंतिणीच्या सामानात तीन गोष्टी जपून. एक, काजळ आणि सुरमा. अमेरिकेचं अन्न व औषध खातं डोळ्यांत घालायच्या या वस्तूंना परवानगी देत नाही, कारण अशा काजळात शिसं सापडतं आणि शिसं बाळाच्या मेंदूला घातक. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायची, तर कुंकवाची टिकली तळपायाला लावा. दोन, ओव्या-धुपाची धुरी. तिथल्या घरांत छताला धुराचा गजर असतो. धुरी दिली की गजर वाजतो, आणि काही इमारतींत अग्निशामक दल दारात येतं. शेक द्यायचा असेल तर गरम पाण्याच्या पिशवीचा द्या. तीन, बाळगुटी. त्यातली मुळं-कांड्या तिथल्या बाळाच्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय उगाळू नका, आणि लेकीचं मन नसेल तर बॅगेतच राहू द्या. आपण मदतीला जातो. घर तिचं आहे.

औषधांचं मात्र नीट लिहून घ्या. आपल्या बीपीच्या, शुगरच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या हिशेबाने घ्या. अमेरिकेत सुमारे ९० दिवसांच्या गोळ्या नेता येतात, त्यापेक्षा जास्त राहणार असाल तर आधी विचारून घ्या. गोळ्या मूळ पाकिटात ठेवा, डबीत सुट्या नकोत. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या शास्त्रीय नावाने, शिक्का-सहीची. सगळी औषधं हातातल्या पिशवीत. मोठी बॅग दुसऱ्या गावी गेली तर शुगर थांबत नाही. इन्सुलिनही हातातच, बॅगेच्या तळघरात ते गोठू शकतं. अमिरातीला जाणाऱ्यांनी जास्त काळजी घ्या. ट्रामाडॉल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्या, नसांच्या दुखण्यावरचं प्रीगाबालिन, ही आपल्याकडे चिठ्ठीवर मिळणारी औषधं तिथे नियंत्रित आहेत. तिथल्या सरकारची परवानगी आधी काढावी लागते. शेजारणीने दिलेली गुडघ्याची गोळी बरोबर घेऊ नका.

कपड्यांविषयी थोडं. आनंदीबाई जोशी यांचं उदाहरण आम्हाला आठवतं. त्या ७ एप्रिल १८८३ ला कोलकात्याहून जहाजाने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. नऊवारी नेसूनच राहायचं, असा त्यांचा निश्चय. पण तिकडच्या थंडीत नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडत, म्हणून पुढे त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. साडी सोडली नाही, नेसण बदललं. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. पण तिथल्या थंडीने आणि खाण्याच्या आबाळीने त्यांची तब्येत ढासळत गेली, आणि परत आल्यावर २६ फेब्रुवारी १८८७ ला, बाविसाव्या वर्षाच्या आत त्या गेल्या. म्हणून सांगतो, थंडीला हसू नका. साडीखाली घालायची गरम विजार, पायमोजे, कानटोपी घ्या. चपलेऐवजी बूट घ्या, आणि ते घालून महिनाभर आधी घरात चाला. भारी शालू तीन कशाला? एक पुरे. रोजच्या सुती साड्या किंवा ड्रेस जास्त घ्या, तिथे धुणं-भांडी आपणच करतो.

दागिने कमी. मोठी पोत, पाटल्या घरी ठेवा, छोटं मंगळसूत्र घाला. सोनं न्यायचंच असेल तर जाताना विमानतळावर सीमाशुल्क खात्याकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या. म्हणजे परत येताना "हे सोनं तिकडून आणलं का?" असा प्रश्न आला, तर कागद दाखवता येतो.

आता हातातल्या पिशवीतला सगळ्यात महत्त्वाचा कप्पा, कागद. पासपोर्ट, व्हिसा, परतीचं तिकीट, प्रवासाचा विमा. या सगळ्यांच्या झेरॉक्स दुसऱ्या पिशवीत. विम्याला कंटाळू नका. अमेरिकेत दवाखान्याची एक रात्र आपल्या घराचं सगळं बिघडवू शकते. शिवाय एक कार्ड करा. त्यावर इंग्रजीत तुमचं नाव, लेकीचं नाव, पत्ता, फोन नंबर, कुठलं विमान कुठे बदलायचं ते, आणि तुम्हाला असलेले आजार. मोबाईल बंद पडला तरी कार्ड बोलतं. अमेरिकेत पहिल्या विमानतळावर उतरलात की पुढचं विमान असलं तरी मोठ्या बॅगा घ्याव्या लागतात आणि पुन्हा द्याव्या लागतात, हे माहीत नसलं की गोंधळ होतो. बॅगेला जुन्या साडीचा लाल काठ बांधा, लांबून ओळखू येते. गुडघे दुखत असतील तर तिकीट काढतानाच चाकाच्या खुर्चीची नोंद करा. त्यात लाज नाही. ती खुर्ची ढकलणारा माणूस आपल्याला रांगांतून वाट दाखवत नेतो.

नेपाळला पशुपतिनाथाच्या यात्रेला जाणाऱ्या मैत्रिणींसाठी दोन शब्द. तिथे आपल्याला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. १५ ते ६५ वयाच्या माणसाने नुसत्या आधार कार्डावर विमानतळ गाठला तर परत फिरावं लागतं. म्हणून मतदार कार्ड शोधून ठेवा, त्यावरचं नाव तिकिटाशी जुळतं का बघा. लग्नाआधीचं नाव एकावर आणि नंतरचं दुसऱ्यावर, ही आपल्या बायकांची नेहमीची अडचण आहे.

निघायच्या आठवडाभर आधी एक कागद घ्या आणि तीन रकाने पाडा. पहिल्यात लेकीने मागितलेलं, दुसऱ्यात तुम्हाला लागणारं, तिसऱ्यात त्या देशात न चालणारं. तिसरा रकाना लेकीकडून भरून घ्या, तिला तिथल्या सरकारच्या संकेतस्थळावर बघता येतं, आणि नियम बदलतात म्हणून दर वेळी नव्याने बघायला लावा. पहिल्या दोन रकान्यांतलं जे तिसऱ्यात सापडेल, ते खोडा. खोडताना जीव तुटतो, आम्ही ते रोज बघतो. "तुले काय आनू माय?" असं फोनवर विचारणाऱ्या आईला "हे नको, तेही नको" ऐकायला नको वाटतं. पण लेकीला पहिल्या रात्री हवं असतं ते तिच्या डोक्यावरून फिरणारा आपला हात, आणि सकाळी तिच्याआधी उठून केलेली गरम भाकरी. त्यासाठी आपण वेळेवर आणि सुखरूप तिच्या दारात पोचलं पाहिजे.

लाडू, पापड, मसाले आमच्याकडून घ्या किंवा घरी करा. दुसऱ्या कुठल्याही गटाकडून घेतलेत तरी हरकत नाही. फक्त ऑर्डर देताना देश सांगायला विसरू नका. चिठ्ठ्या इंग्रजीत लिहून हव्या असतील तर गटाच्या खोलीत दुपारी या, आमच्या मुली लिहून देतात, त्याचे पैसे घेत नाही. बॅग भरून झाली की एकदा काट्यावर ठेवा, आणि मग कुलूप लावा.